पिकअपच्या केबिनला नवे स्पीकर: भोक मोजण्यापासून पहिल्या पावसापर्यंत

इंदूरच्या चोइथराम मंडीत पहाटे भाजी उतरवणारी पिकअप असो की देवास नाक्याच्या गोदामांमधून फेऱ्या मारणारी, तिच्या दारातले स्पीकर साधारण एकाच वाटेनं जातात. आधी घरघर सुरू होते, मग एका बाजूचा आवाज येतो-जातो, आणि शेवटी गाणं वाजतंय एवढंच कळतं, शब्द कळत नाहीत. मग दुकानात जावं तर पहिलं वाक्य ठरलेलं: "भिया, ये पाँच सौ वॉट का ले जाओ, गाडी हिल जाएगी." गाडी हलते खरी, म्हणजे दाराचा पत्रा हलतो. शब्द तरीही कळत नाहीत.

पिकअपची केबिन कारसारखी नसते. जागा दोन-तीन माणसांची, दार पातळ, आत कापड-फोम नावापुरता, आणि डिझेल इंजिन पायाशी. इंजिनाचा, टायरचा आणि गिअरचा आवाज बहुतेक खालच्या सुरातला असतो, म्हणून चालत्या गाडीत सगळ्यात आधी बेस गिळला जातो. उभ्या गाडीत ढोल छान वाजतो आणि एबी (आग्रा-मुंबई) रोडला लागलं की तोच ढोल गायब होतो, त्याचं कारण हेच. म्हणून दारातल्या छोट्या स्पीकरकडून बेसची अपेक्षा कमी ठेवा आणि माणसाचा आवाज, बासरी, पेटी, तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येईल असं बघा. पुढची सगळी निवड या एका गोष्टीवरून ठरते.

आधी बघा, स्पीकरच गेलाय का

निम्म्या वेळा स्पीकर ठणठणीत असतो आणि वायर तुटलेली असते. डेकचा, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेअरचा, बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे न्या. खराब बाजू कळली की ते दार हळूहळू उघडझाक करा. आवाज येत-जात असेल तर बिजागराजवळच्या रबरी नळीत वायर आतून तुटलेली आहे. दिवसाला पन्नास वेळा दार उघडणाऱ्या गाडीत हे होणारच. वरचं प्लास्टिक शाबूत असतं आणि आतलं तांबं तुटलेलं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही, ओढून बघावं लागतं. तुटलेल्या जागी वायर रबरासारखी ताणली जाते.

वायर ठीक असेल तर स्पीकर बाहेर काढा, दोन्ही वायरी सोडवा आणि मल्टिमीटर २०० ओमवर लावा. आधी मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून काय दाखवतो ते लिहून ठेवा. स्वस्त मीटर तिथेच ०.३-०.५ ओम दाखवतो आणि ते नंतर वजा करायचं असतं. ४ ओमचा चांगला स्पीकर ३.२ ते ३.८ च्या मध्ये दाखवतो. मीटरवर नुसता १ किंवा ओएल (मापाबाहेर) आला तर कॉइल, म्हणजे स्पीकरच्या आतलं तारेचं वेटोळं, तुटली. आकडा बरोबर आहे पण आवाज फाटतोय, तर दोन्ही अंगठ्यांनी कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) मधोमध सारख्या दाबानं दोन-तीन मिलिमीटर आत ढकला. मऊ आत गेला तर ठीक. वाळू घासल्यासारखी खरखर बोटांना जाणवली तर कॉइल जळून फुगली आहे किंवा फटीत कचरा गेला आहे. या स्पीकरवर पैसे घालू नका.

तिसरी शक्यता डेकची. चालू बाजूचा स्पीकर बंद बाजूच्या वायरीला जोडून बघा. तोही गप्प राहिला तर दोष डेकमध्ये किंवा कपलरमध्ये (डेकमागच्या वायरींच्या प्लगमध्ये) आहे, आणि नवे स्पीकर आणून काहीही बदलणार नाही.

मापं: गाडीच्या नावावर विश्वास ठेवू नका

"बोलेरो पिकअपला अमुक साइज लागते", "योद्धाला तमुक" अशा याद्या दुकानात मिळतात. त्या अर्ध्या उपयोगाच्या असतात. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या सालांत आणि व्हेरिएंटमध्ये जागा बदलते. कुठे दारात स्पीकर असतो, कुठे डॅशबोर्डमध्ये, कुठे नुसती जाळी असते आणि मागे काहीच नसतं. वापरलेली गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकानं पत्रा कापून ठेवलेला असण्याची शक्यता धरा. स्वतःच्या गाडीचं माप स्वतः घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

डोअर पॅड काढताना काच वर-खाली करायचा दांडा नवख्यांना अडवतो. बहुतेक गाड्यांत त्याला दिसणारा स्क्रू नसतो. मागे घोड्याच्या नालासारखी एक तारेची क्लिप असते. जुन्या सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी दांडा आणि पॅड यांच्या मध्ये घाला आणि बूट पॉलिश करतात तशी इकडून तिकडे ओढा. कापडाचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप बाहेर येते. येते म्हणजे उडते, म्हणून दुसरा हात वर धरा, नाहीतर सीटखाली शोधत बसाल. नंतर हँडलचे स्क्रू, प्लास्टिकच्या टोपणांखाली लपलेले स्क्रू, आणि शेवटी कडेच्या क्लिपा. पॅड खालच्या कोपऱ्यापासून सोडवा. दोन-तीन क्लिपा तुटतात, म्हणून त्याच मापाच्या आठ-दहा आधीच आणून ठेवा.

आता तीन मापं लिहा, सगळी मिलिमीटरमध्ये: पत्र्यातल्या भोकाचा व्यास, समोरासमोरच्या स्क्रूंमधलं अंतर, आणि खोली. मापं मिलिमीटरमध्ये का, तर इंच हे फक्त बोलायचं नाव आहे. "साडेसहा इंची" म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकरांना लागणारं भोक कंपनीनुसार १२७ पासून १४५ मिमीपर्यंत बदलतं. सव्वापाच इंचीला साधारण ११२ ते १२०, आणि चार इंचीला ९२ ते ९७ मिमी. दुकानात "साडेसहा" म्हणून आणलेला स्पीकर १४३ च्या भोकात सैल बसतो किंवा १२९ च्या भोकात शिरतच नाही, तो या फरकामुळे.

खोलीचं माप सगळ्यात जास्त चुकतं. काच वर असताना भरपूर जागा दिसते; काच खाली आली की ती स्पीकरच्या चुंबकाच्या मागेच येऊन थांबते. म्हणून काच पूर्ण खाली करा, भोकातून पट्टी सरळ आत घाला आणि काचेपर्यंतचं अंतर मोजा. त्यातून ६ मिमी वजा करा, कारण खड्ड्यात काच हलते. राहिलं तेवढी स्पीकरची जास्तीत जास्त खोली. खात्री हवी असेल तर पुठ्ठ्याचा स्पीकरएवढा साचा कापा, त्याच्या मागे चुंबकाच्या उंचीचा कणकेचा गोळा लावा, भोकात धरा आणि काच सावकाश खाली करा. गोळा चपटा झाला तर तो स्पीकर त्या दारात बसणार नाही, किंवा खाली रिंग लावून पुढे आणावा लागेल. रिंग लावली तर पुढच्या बाजूला डोअर पॅडच्या जाळीपर्यंत किती जागा उरते तेही बघा. ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) पुढे आलेला असेल तर तो जाळीला टेकतो आणि मग प्रत्येक ठोक्याला टिकटिक करतो.

साडेसहा इंची स्पीकरची खोली ४३ ते ६५ मिमी अशी पसरलेली असते. पातळ दाराच्या गाडीत ५० च्या आतला शोधा.

खोक्यावर काय वाचायचं आणि काय सोडायचं

मोठ्या अक्षरातला वॅटचा आकडा सोडा. "३०० वॅट मॅक्स", "५०० वॅट पीक" हा क्षणभराचा आकडा असतो, आणि तो कसा मोजायचा याचं बंधन नसल्यासारखाच छापतात. खोक्याच्या मागे लहान अक्षरांत आरएमएस, म्हणजे सतत झेपणाऱ्या पॉवरचा आकडा, शोधा. तो सापडतच नसेल तर खोका परत ठेवा.

आता डेक किती देतो ते बघू. डेकवर "५० वॅट गुणिले ४" लिहिलेलं असतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट धरले तर डेकमधला ॲम्प्लिफायर ४ ओमच्या स्पीकरमध्ये गणितानं जास्तीत जास्त २६ वॅट स्वच्छ आवाज घालू शकतो. आतलं नुकसान वजा केलं की हाती १८-२० उरतात. पन्नास हा आवाज फाटल्यानंतरचा आकडा आहे. तेव्हा वेगळा ॲम्प्लिफायर लावणार नसाल तर ३० ते ६० वॅट आरएमएसचा स्पीकर भरपूर झाला. १०० वॅट आरएमएसचा जड स्पीकर डेकवर लावला तर तो अर्धवट जागा झाल्यासारखा वाजतो.

खरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठ्यानं वाजतो त्याचा, डेसिबलमध्ये लिहिलेला. दर ३ डेसिबल म्हणजे तेवढाच आवाज निम्म्या पॉवरमध्ये. ९२ डेसिबलचा स्पीकर १८ वॅटवर जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८६ डेसिबलच्याला ७२ वॅट लागतात, आणि ते तुमच्या डेकमध्ये नाहीत. नुसत्या डेकवर चालवायचं असेल तर ९० किंवा वरचा घ्या. एक बारीक गोम आहे: काही कंपन्या १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, म्हणून तो आकडा आपोआप ३ डेसिबल वर दिसतो. दोन खोक्यांची तुलना करताना आकड्याशेजारी काय लिहिलंय ते बघा.

मग ओम. जुना स्पीकर किती ओमचा होता ते त्याच्या चुंबकावरच्या कागदावर असतं. कंपनीचा डेक तसाच ठेवणार असाल तर तेवढ्याच ओमचा लावा. बाजारातले बहुतेक डेक ४ ते ८ ओमसाठी असतात. एका वायरीवर ४ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओम होतात. डेक गरम होतो, मध्येच बंद पडतो, थंड झाला की परत वाजतो, आणि उन्हाळ्यात एखाद्या दुपारी कायमचा जातो. "आवाज वाढवायला" एका बाजूला दोन स्पीकर हा सल्ला कुणीही दिला तरी घेऊ नका. सिंगल केबिनमध्ये डेकच्या मागच्या दोन चॅनेलच्या वायरी रिकाम्या राहतात. सीटमागे जोडी हवीच असेल तर ती त्यांच्यावर लावा, नाहीतर टोकं वेगवेगळी टेप करून ठेवा.

कोणत्या प्रकारचा घ्यावा

पहिल्यांदा घेणाऱ्याला कोअॅक्सियल, म्हणजे वूफरच्या (खालच्या सुरांच्या मोठ्या कोनच्या) मधोमध ट्विटर बसवलेला एकच स्पीकर. बसवायला सोपा, बिघडला तर बदलायला सोपा. टू-वे पुरतो. थ्री-वे, फोर-वेमधल्या चकचकीत जादा टिकल्या बहुतेक वेळा दिसण्यासाठीच असतात.

ट्विटर वेगळा असलेला कंपोनंट सेट एका परिस्थितीत पैसे वसूल करतो: दारातला स्पीकर खाली पायाशी असेल तर. वरचे सूर सरळ रेषेत जातात आणि गुडघा, ताडपत्री, जेवणाचा डबा यांत अडकतात. ट्विटर डॅशबोर्डच्या कोपऱ्यात नेला की शब्द लगेच उघडे होतात. मात्र त्याचा क्रॉसओव्हर (वरचे आणि खालचे सूर वेगळे करणारी डबी) दाराच्या तळाशी टाकू नका, तिथे पाणी साचतं. डॅशबोर्डच्या मागे कोरड्या जागी बांधा.

कोन पॉलिप्रॉपिलीनचा आणि कड रबराची मागा. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात बंद केबिन भट्टीसारखी तापते आणि जुलैत त्याच दारातून पाणी वाहतं. फोमची कड या दोन्हींत काही वर्षांत भुसा होते. बोट लावलं की तुकडे हातात येतात. साधा कागदी कोन ओल ओढतो आणि जड होतो. लेप दिलेला कागद चालतो, आणि आवाज तर त्याचा गोडच असतो, पण दाराचं प्लास्टिक आवरण शाबूत असेल तरच. ट्विटर रेशमी घुमटाचा असेल तर लांबच्या फेरीत कान थकत नाहीत. धातूचा किंवा कडक प्लास्टिकचा डिझेलच्या आवाजातून जास्त चिरत येतो. शहरातल्या शहरात चालणाऱ्या गाडीला दुसरा, इंदूर-मुंबई लाइनच्या गाडीला पहिला, असं आमचं मत.

सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या महापालिकेच्या कचरागाडीसारखा आवाज हवा, अशी मागणीही ऐकू येते. तो भोंगा असतो. त्याला ८ किंवा १६ ओमचं युनिट आणि वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, खालचे सूर त्यातून येतच नाहीत, आणि तो केबिनच्या आत लावायची वस्तू नाही. बाहेर लावला तर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम तुम्हालाही लागू होतो.

दुकानात

छोटी ग्वालटोलीकडे ॲक्सेसरीजची दुकानं आहेत. वायर, कपॅसिटर, हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी असलं सामान महाराणी रोडला मिळतं. मापांची चिठ्ठी आणि शक्य तर जुना स्पीकर बरोबर न्या. पायोनिअर, सोनी, जेबीएल, ब्लाउपुंक्ट यांच्या साध्या कोअॅक्सियल जोड्या पिकअपला पुरेशा आहेत. नाव कोणतंही असो, पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा आणि स्पीकरवरचा नंबर जुळवा. खोका आधी उघडलेला वाटला तर दुसरा मागा.

दुकानाच्या बोर्डवर स्पीकर ऐकून निवडू नका. बोर्डमागे मोठा ॲम्प्लिफायर असतो, आणि दोन स्पीकरांतला जो जरा मोठ्यानं वाजतो तो कानाला नेहमी चांगला वाटतो. ऐकायचंच असेल तर तुमच्या फोनमधली बातमी किंवा नुसत्या गळ्याचं गाणं लावा, बेस आणि ट्रेबल शून्यावर ठेवायला सांगा, आणि "स", "श", "च" ही अक्षरं कानाला टोचतात का ते बघा. जोडीतल्या दोन्ही स्पीकरांवर मीटर लावा. दोघांत ०.२ ओमपेक्षा जास्त फरक नको.

स्पीकरसोबत हे घ्या: १ चौरस मिमीची दुपदरी वायर ५ मीटर, तुमच्या डेकचा आयएसओ कपलर, १० मिमी रुंद फोमची चिकटपट्टी, आठ यू-नट आणि स्क्रू, हीट श्रिंक नळी, केबल टाय, आणि भोकाला जुळणारी प्लास्टिकची रिंग. रिंग मिळाली नाही तर जुन्या स्पीकरचा प्लास्टिकचा सांगाडा करवतीच्या पात्यानं कापून तीच रिंग करा. तिची भोकं तुमच्या दाराला आधीच जुळलेली असतात. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग पावसात फुगते. ती देत असतील तर नको म्हणा.

बसवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डेकच्या मूळ वायरी कापू नका, मध्ये कपलर घाला. बाजारातल्या डेकांवर रंग बहुतेक ठरलेले असतात: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. काळी रेघ असलेली वायर निगेटिव्ह. पिवळी बॅटरीची, लाल चावीची, नुसती काळी अर्थिंगची.

स्पीकरची निगेटिव्ह वायर कधीही बॉडीला जोडू नका. जुन्या टेपच्या काळात एक वायर बॉडीला जोडून काम भागवत, ती सवय काही ठिकाणी अजून आहे. आताच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं. त्यातली एक पत्र्याला टेकली की डेक गप्प होतो, नशीब चांगलं असेल तर तात्पुरता.

पत्रा कापावा लागणार असेल तर तेवढा वेळ नवे स्पीकर खोक्यात, गाडीच्या बाहेर ठेवा. कानसीचा लोखंडी चुरा हवेतून सरळ चुंबकाकडे जातो, कॉइलच्या फटीत बसतो, आणि नवा स्पीकर पहिल्या दिवशी खरखरतो. कापून झालं की कडा घासा, चुरा ओल्या कापडानं पुसा, उघड्या पत्र्याला रंगाचा हात द्या.

दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण काढून फेकू नका. काचेवरून आत येणारं पाणी त्याच्यामुळे दारातच राहतं आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर जातं. स्पीकरपुरता काप द्या आणि वरचा पदर चुंबकावर छपरासारखा येईल असा ठेवा, खालचा पदर दाराच्या आत. हाताशीच आहे तर तळाची छिद्रं तारेनं मोकळी करा. काळी माती आणि भाजीचा पाला यांनी ती गच्च बुजलेली असतात.

यानंतरची गोष्ट आवाजात सगळ्यात जास्त फरक पाडते आणि ती पन्नास-शंभर रुपयांत होते. स्पीकर जोडून हातात अधांतरी धरा आणि गाणं लावा: पत्र्याच्या डब्यासारखा वाजेल. तोच दाराच्या भोकावर दाबून धरा: एकदम भरदार. कोनच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मिळाला की खालचे सूर एकमेकांना खातात, म्हणून हे होतं. तेव्हा स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी सलग फिरवा, रिंग आणि पत्रा यांच्या मध्येही. पुढच्या कडेवर दुसरी पट्टी, म्हणजे आवाज डोअर पॅडच्या मागे न पसरता जाळीतून बाहेर येईल. हात घालून पत्र्याला ब्युटाइलच्या (चिकट रबरी पट्टीच्या) दोन-तीन तुकड्यांचं अस्तर लावता आलं तर दाराची खणखण आणखी कमी होते. पाचशे रुपये जास्तीचे असतील तर ते महागड्या स्पीकरवर न घालता इथे घाला.

स्पीकरवरची रुंद पिन पॉझिटिव्ह, अरुंद निगेटिव्ह. जुन्या वायरींचा रंग कळत नसेल तर डेकचा कपलर सोडवून दाराकडच्या दोन वायरींना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर सेलच्या टोपीकडची वायर पॉझिटिव्ह. दोन्ही दारं तपासा. जोड दाबून क्रिंप करा, वर हीट श्रिंक. नुसती पिळून टेप मारलेली वायर मे महिन्यात सुटते, टेपचा डिंकच वितळतो.

स्क्रू हातानं घट्ट करा, एकदा वरचा मग समोरचा, चाकाचे नट आवळतात तसे. ड्रिल मशीन वापरू नका. चुंबक बिट ओढून घेतं, ते सटकतं, आणि कोनला भोक पडतं. पॅड लावण्याआधी काच तीनदा वर-खाली करा आणि वायर काचेच्या वाटेत नाही ना हे बघून केबल टायनं बांधा.

वाजवून बघणं आणि जुळवणी

आधी फेज, म्हणजे दोन्ही कोन एकाच वेळी बाहेर येतात ना ते. बॅलन्स मध्यावर ठेवून गाणं लावा, मग पूर्ण एका बाजूला न्या. एका बाजूला असताना बेस जास्त आणि मध्यावर आणल्यावर कमी, असं झालं तर एका दारात वायरी उलट्या लागल्या आहेत. एकाच दाराच्या वायरी फिरवा. ही चूक फार होते आणि लोक महिनोन्महिने "स्पीकरच हलका निघाला" म्हणत राहतात.

डेकमध्ये एचपीएफ किंवा हाय पास (खालचे सूर अडवणारी सोय) असेल तर साडेसहा इंचीला ८० हर्ट्झ, सव्वापाचला १००, चार इंचीला १२०-१५०. छोट्या कोनवरचं ओझं उतरतं आणि तो आवाज सहज उचलतो. साध्या डेकमध्ये ही सोय नसेल तर प्रत्येक स्पीकरच्या पॉझिटिव्ह वायरीत ४०० मायक्रोफॅरडच्या आसपासचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर लावा. ४ ओमवर तो १०० हर्ट्झच्या खालचं कमी करतो. लाउडनेस बंद, बेस शून्य किंवा एक. आवाज वाढवत जा. जिथे फाटायला लागेल तिथून दोन आकडे मागे, ती तुमची मर्यादा. छोटा डेक पूर्ण पिळला की फाटलेला आवाज कॉइल सतत तापवत ठेवतो आणि सगळ्यात आधी ट्विटर जळतो. "जास्त वॅटमुळे उडाला" म्हणून परत येणारे कित्येक स्पीकर असे कमी वॅटनं जळलेले असतात. चालक उजवीकडच्या दाराला चिकटून बसतो, म्हणून बॅलन्स दोन घरं डावीकडे ठेवला की गाणं समोरून येतं. बाकी आवाज इतकाच ठेवा की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल.

ॲम्प्लिफायर नंतर लावायचा विचार असेल तर: ५० वॅट आरएमएसच्या चार चॅनेलला भर आवाजात साधारण २५ अँपिअर लागतात. बॅटरीपासून ८ गेजची तांब्याची केबल, बॅटरीजवळ ४५ सेंटिमीटरच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज, आणि अर्थिंग रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर. सिग्नलची केबल पॉवरच्या केबलच्या उलट बाजूनं न्या. एक्सिलरेटरसोबत चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी अर्थिंग तपासा. फ्यूज उडत असेल तर त्याच्यावर चांदीचा (चमकता) कागद गुंडाळू नका. पुढची उडणारी वस्तू वायरिंग असते. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असलेल्या मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, तिथे रिड्यूसरशिवाय (२४ चे १२ व्होल्ट करणाऱ्या डबीशिवाय) १२ व्होल्टचा डेक जोडायचा नाही.

खड्ड्यांच्या रस्त्यावर आठवडाभर गाडी चालली की पॅड न काढता दाराला तळहात लावून मोठ्या आवाजात ऐका. फडफड हाताखाली आली तर पत्रा किंवा क्लिप सैल आहे. हात दाबल्यावरही तशीच राहिली तर स्पीकरचे स्क्रू परत आवळावे लागतील. आणि पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पॅडच्या खालच्या कडेला आतून बोट फिरवा. ओल लागली तर आवरणाचा खालचा पदर बाहेर राहिला आहे. तो आत घाला, कडा परत चिकटवा आणि तळाची छिद्रं पुन्हा एकदा तारेनं बघा.